लेखणीचे मोल

चिनी पंडिताच्या अभ्यासिकेत कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याची शिळा ही चार रत्ने मानली जात. कुंचल्याची दांडी सामान्यतः बांबूची असे. परंतु मिंग व चिंग राजवटींत हस्तिदंत, चिनी माती आणि जेड यांच्याही दांड्या घडविल्या गेल्या. जेडची ही आवड निव्वळ श्रीमंतीची नव्हती. ‘ली-ची’ या प्राचीन ग्रंथात कन्फ्यूशियसच्या मुखाने सज्जनाच्या गुणांना या पाषाणाची उपमा दिली आहे. पोलादाला दाद न देणारा हा दगड कठीण वाळूने झिजवून झिजवूनच आकारास येतो. विद्येने घडणाऱ्या मनुष्याचे ते प्रतीकच ठरले.

तथापि प्रतीक म्हणून जे थोर, ते साधन म्हणून सोयीचे असतेच असे नाही. दगडी दांडी जड असते, आणि चिनी सुलेखनाचे मर्म तर मनगटाच्या मोकळ्या गतीत आहे. चौथ्या शतकातील वांग शी-ची या थोर सुलेखनकाराच्या नावावर चालत आलेल्या एका प्रबंधात नटव्या दांड्यांविषयी हाच आक्षेप आहे: शोभा होते, पण कुंचला हलका हवा. जेडचा कुंचला मुख्यतः मेजावर शोभला. लिहिण्याचे काम बांबूने केले.

लेखनसाधनाला लेखनाहून वरचे स्थान देण्याची वृत्ती भारतातही आहे. येथे तिने पूजेचे रूप घेतले. रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या व्यापारी पेठेत दिवाळीला वही, दौत आणि लेखणी यांची पूजा होते. पूजाविधीत दौत ही महाकाली आणि वही ही सरस्वती मानली जाते. हिशेब यंत्रावर गेले, तरी गंधाक्षता वाहण्यापुरती लेखणी उरली आहे.

मराठी परंपरेत मात्र लेखणीचे मोल निराळ्या मापाने केलेले दिसते. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात रामदासांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. बोरू देशोदेशीचे आणावेत, पण ते बारीक, सरळ आणि घट्ट असावेत, असा त्यांचा कटाक्ष आहे. पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, ही त्यांची कसोटी. सौंदर्य आहे ते पानावर. बोरू झिजतो, पुन्हा तासला जातो आणि अखेर टाकला जातो. नुसती लेखणी मिरविणाऱ्याला मराठीने ‘बोरूबहाद्दर’ म्हणून हसावे, हे याच दृष्टीशी सुसंगत आहे.

रायपूरला हा विचार परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडच्या कारभारात मराठी भाषा व मोडी लिपी आली. १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ हिंदीत नेला. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. बोरू गेला, तरी बोरूचे काम असे दुसऱ्या भाषेत चालू राहिले.

मोडीच्या बाबतीत तसे घडले नाही. हात न उचलता धावती लिहिलेली ही लिपी वाचणारे आज थोडे आहेत, आणि दप्तरांतील रुमाल वाचकांची वाट पाहत आहेत. जेडचा कुंचला काचेच्या कपाटात सुरक्षित राहतो, पूजेतील दौतही पुढच्या दिवाळीपर्यंत टिकते. अक्षर मात्र वाचणाऱ्यावाचून टिकत नाही. लेखणीचा खरा सन्मान तिच्या अलंकारात किंवा पूजेत नसून, तिने लिहिलेले वाचले जाण्यात आहे.