खड्डा, तक्रार आणि दप्तर: काही रूढ गैरसमज

रस्त्यात पडलेला खड्डा, पदपथावरची निखळलेली फरशी, भर वाटेत झाकणाविना उघडे राहिलेले गटार किंवा पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या तारांकडे झुकलेले वाळके झाड यांविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, पण लिहिणे फार थोडे होते. आणि जे थोडे लिहिले जाते त्याचाही सूर बहुधा असा असतो की, पालिकेच्या साहेबांनी मेहेरबानी करून एवढे काम करून द्यावे, आणि ते न झाल्यास अर्जदाराने नशिबाला बोल लावून स्वस्थ बसावे. या एका मूळ समजुतीतून पुढचे बहुतेक सारे गैरसमज उत्पन्न झाले आहेत, म्हणून प्रथम तिचाच विचार केला पाहिजे.

वस्तुस्थिती अशी आहे की, सार्वजनिक रस्ते व पूल बांधणे आणि सुस्थितीत राखणे, रस्त्यांवर दिवाबत्ती करणे, धोकादायक इमारती व जागा निर्धोक करणे ही कामे पालिकेच्या मर्जीवर सोपविलेली नाहीत. मुंबईसाठी 1888 चा आणि राज्यातील इतर महापालिकांसाठी 1949 चा अधिनियम लागू आहे, आणि या दोन्ही अधिनियमांनी पालिकेच्या कामांची आवश्यक व ऐच्छिक अशी स्वच्छ विभागणी करून वरील कामे आवश्यक कर्तव्यांच्या सदरात घातली आहेत. या कर्तव्याला घटनेचे पाठबळ कसे मिळाले, याची हकिकतही जाणून घेण्याजोगी आहे. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी शहरातील रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी मुख्य न्यायमूर्तींना एक पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्राचीच स्वतःहून दखल घेऊन त्याला जनहित याचिकेचे रूप दिले. त्या याचिकेत न्यायालयाने असे ठरविले की, वापरण्यायोग्य रस्ते आणि पदपथ मिळणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग होय. आणि नागरिकांना तक्रार नोंदविता यावी, अशा सोयी उपलब्ध करून देण्याचेही आदेश पालिकांना दिले. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्यास संबंधित संस्थांना फर्माविले, आणि खड्डा नजरेस आणून दिल्यापासून 48 तासांच्या आत त्याची दखल घेतली जावी, असाही हुकूम केला.

यातील ‘नजरेस आणून दिल्यापासून’ या शर्तीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. तक्रारीच्या कागदाचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. तो कागद दाखल झाला म्हणजे अमुक धोका अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्याला ठाऊक झाला ही गोष्ट दप्तरी कायम होते, तेथून मुदत मोजली जाऊ लागते, आणि नंतर कोणालाही अज्ञानाची सबब पुढे करता येत नाही. म्हणूनच ‘एवढा मोठा खड्डा रोज हजारो लोक पाहतात, तेव्हा कचेरीला तो ठाऊक असणारच, आणि कोणी ना कोणी कळविलेही असेल’ हा समज, वरवर निरुपद्रवी दिसत असला, तरी सर्वांत घातक आहे. हजारोंनी पाहिलेला खड्डा एकानेही नोंदविला नसेल, तर दप्तराच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो.

नोंद कशी करावी याविषयीही तितकाच घोटाळा आहे. ‘आमच्या भागातील रस्त्यांची चाळण झाली आहे, तरी त्वरित लक्ष घालावे’ अशा आशयाच्या अर्जावर कनिष्ठ अभियंत्याने जावे कोठे? त्याऐवजी ‘शाळेच्या फाटकाकडून बाजाराकडे जाताना दुसऱ्या विजेच्या खांबासमोर, डाव्या कडेला, सुमारे दोन फूट लांब व वीतभर खोल खड्डा असून, पाणी साचल्यावर तो दिसत नाही, शेजारच्या जलवाहिनीच्या चेंबरमधून सतत पाणी झिरपते, सकाळी मुले येथूनच सायकलीने जातात’ एवढे लिहून, तारीख दिसेल असे छायाचित्र जोडले, तर मुकादमालाही जागा शोधावी लागत नाही आणि तक्रार मोघम आहे म्हणून ती बाजूस सारता येत नाही. अर्ज प्रत्यक्ष दिला असल्यास आवक शिक्क्याची पोच, आणि दूरध्वनीवर किंवा ॲपवर केला असल्यास तक्रार क्रमांक, जपून ठेवावा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा मागमूस दुसऱ्या दिवशी उरत नाही.

वरील नमुन्यात झिरपणाऱ्या पाण्याचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला आहे. खड्डा जड वाहनांमुळे किंवा केवळ निकृष्ट डांबरामुळे पडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि तीत तथ्यही आहे; तथापि डांबरी रस्त्याचा पहिला शत्रू पाणी होय. पृष्ठभागाला गेलेल्या बारीक भेगेतून पाणी आत उतरते, खडीवरची डांबराची पकड सुटते, खालचा मुरूम मऊ पडतो, आणि मग चाकांच्या दाबाने वरचा थर तुकड्यातुकड्यांनी उखडून निघतो. रस्त्याला पुरेसा उतार नसेल, कडेचे गटार तुंबलेले असेल, किंवा केबलसाठी खणलेला चर नीट दाबून बुजविलेला नसेल, तर वरचा खड्डा कितीही वेळा भरला तरी तो पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा दिसू लागतो. खड्ड्याबरोबर तुंबलेले गटार किंवा गळती कळविणारा नागरिक एका अर्जात दोन खात्यांना जागे करतो.

खात्यांचा विषय निघालाच आहे, तर ‘सगळे रस्ते पालिकेचे’ हा गैरसमजही येथेच दूर करणे इष्ट होईल. राज्यातील रस्ते राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशा श्रेणींत विभागलेले असून, राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. शहरांत तर छावणी मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ, रस्ते विकास महामंडळ, रेल्वे आणि महानगर प्रदेश प्राधिकरण असे अनेक धनी असतात, आणि धनी बदलतातही: मुंबईचे पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 मध्ये प्राधिकरणाकडून महापालिकेच्या ताब्यात आले. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033, मुंबई महापालिकेसाठी 1916, उघड्या विद्युत तारांसाठी 1912 आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग असेल तर 112, एवढे क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावेत. 14 मार्च 2019 रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसालगतचा पादचारी पूल कोसळून सात जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तो पूल रेल्वेचा की महापालिकेचा, असा प्रश्न आधी निघाला; आणि किरकोळ दुरुस्तीअंती वापरास योग्य असा त्या पुलाच्या संरचनात्मक तपासणीचा निर्वाळा त्यापूर्वीच दप्तरी दाखल होता, ही गोष्ट त्याहून दुःखद आहे. तपासणीचा दाखला आहे म्हणून पायांखाली हलणारी लादी कळवू नये, असे कोणी समजू नये. आणि हद्दीचा निश्चय होत नसेल, तर दोन्ही कचेऱ्यांना एकाच मजकुराची प्रत द्यावी.

नगरसेवकाच्या शिफारशीवाचून काम होत नाही, हा समज एका वाक्यात निकालात काढता येईल. मार्च 2022 नंतर मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांत कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता, आणि तरीही कायद्याने सांगितलेले एकही कर्तव्य त्या काळात स्थगित झाले नव्हते.

‘निधी नाही’ हे उत्तर मात्र इतक्या सहजी ऐकावयास मिळते आणि ऐकणाराही इतक्या सहजी माघार घेतो की, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या हद्दीत एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे, साचलेले सांडपाणी आणि रस्त्यावर पसरणारी घाण यांनी त्रस्त झाले होते. त्यांनी वारंवार विनवण्या केल्या आणि अखेर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 133 व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला उपाययोजना करण्याचा आदेश दिला. नगरपालिकेने पैशाची अडचण पुढे करून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि तेथे 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालाने ही सबब साफ फेटाळून लावली. आर्थिक ओढग्रस्तता सांगून सार्वजनिक आरोग्याच्या मूलभूत कर्तव्यातून कोणत्याही नगरसंस्थेला सुटका नाही, हे तत्त्व त्या दिवसापासून या देशात प्रस्थापित आहे, आणि ते एखाद्या मोठ्या संस्थेने नव्हे तर एका वस्तीतील सामान्य रहिवाशांनी मिळवून दिले, याचा मला फार मोठा आदर वाटतो.

जुने 133 वे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 वे झाले असून, 1 जुलै 2024 पासून ते अमलात आहे. सार्वजनिक वाटेवरील अडथळा, कोसळण्याच्या बेतात असलेली इमारत वा झाड, किंवा रस्त्यालगत कुंपणाविना सोडलेली विहीर वा खोदाई, अशा बाबतींत जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी धोका दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. म्हणजे ज्याला आपण ‘कोर्टकचेरी’ म्हणून भितो, तिची एक पायरी आपल्या प्रांत कचेरीतच आहे.

उत्साहाच्या भरात होणाऱ्या दोन चुकांचाही उल्लेख केला पाहिजे. रस्त्यावर पाणी तुंबले की आपणच मॅनहोलचे झाकण काढून वाट करून द्यावी, ही समाजसेवा होय असे पुष्कळांना वाटते. 29 ऑगस्ट 2017 च्या मुंबईतील अतिवृष्टीत अशाच एका उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा अंत झाला, आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी झाकण काढल्याच्या आरोपावरून जवळच्या रहिवाशांना अटक झाली. झाकण काढू नये. निघालेले दिसल्यास तेथे काठी, कुंडी, लाल कापड अशी ठळक खूण लावावी आणि तत्काळ कळवावे. दुसरी चूक गतिरोधकाची. आपल्या दारासमोर गतिरोधक झाला की मुले सुरक्षित झाली, या समजुतीने रातोरात सिमेंटचा उंचवटा घालण्यात येतो. प्रमाणित गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि अवघा 10 सेंटिमीटर उंच असावा लागतो, त्याआधी इशारा देणारा फलक आणि त्यावर रंगाचे पट्टे लागतात. यांवाचून घातलेला उंचवटा अंधारात दुचाकीस्वाराचा घात करतो. त्याचीही तक्रारच केली पाहिजे.

पदपथाविषयी थोडक्यात एवढेच की, अडथळाविरहित पदपथ हा पादचाऱ्याच्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. आणि पदपथावरील प्रत्येक फेरीवाला म्हणजे अतिक्रमण, हेही तितकेसे खरे नाही, कारण 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांनाही जागा नेमून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवरच टाकली आहे. उभी केलेली वाहने, फुटक्या पेव्हर ब्लॉकचे ढीग आणि वाटेच्या मधोमध बसविलेले विजेचे पेटारे यांनी अडविलेल्या पदपथाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

माहितीचा अधिकार हा तक्रारीला पर्याय आहे, असे समजून पुष्कळ जण ‘रस्ता केव्हा दुरुस्त करणार?’ असा प्रश्न अर्जात विचारतात आणि मोघम उत्तर आल्यावर निराश होतात. 2005 च्या त्या कायद्याने दप्तरात असलेली माहिती मिळते, दुरुस्ती नव्हे. म्हणून मागावे ते असे: कामाचा आदेश, कंत्राटदाराचे नाव, मोजमाप पुस्तकाची प्रत, आणि दोषदायित्व कालावधी केव्हा संपतो ती तारीख. त्या कालावधीत रस्ता खराब झाल्यास तो कंत्राटदाराने पदरमोड करून दुरुस्त करावयाचा असतो, आणि ती तारीख ठाऊक असलेला अर्जदार पुढच्या पत्रात निधीचा विषयच निघू देत नाही. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर पाच दिवसांत तो योग्य कचेरीकडे वर्ग करण्याचे बंधन आहे.

तक्रार ‘निकाली काढण्यात आली’ असा संदेश आला की काम झाले, हा शेवटचा पण नित्याचा गैरसमज. जागेवर जाऊन पाहावे, त्याच कोनातून पुन्हा छायाचित्र घ्यावे, आणि खड्डा तसाच असेल तर जुना क्रमांक नमूद करून वरिष्ठाकडे लेखी कळवावे. हा तगादा क्षुल्लक वाटेल, पण दुर्दैवाने त्याच ठिकाणी अपघात घडला तर याच कागदांची गरज पडते. अशा वेळी ‘चालवणाऱ्याचीच चूक’ म्हणून घरची माणसे दुःखात गप्प राहतात. वस्तुतः 2019 च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात घातलेल्या 198 अ या कलमानुसार, रस्त्याच्या बांधणीत किंवा देखभालीत सुरक्षेची मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण वा कंत्राटदार एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र ठरतो. आणि उच्च न्यायालयाने ठरविलेल्या भरपाईसाठी अर्जही करता येतो. त्यासाठी पोलिसांच्या पंचनाम्यात खड्ड्याची जागा, लांबी आणि खोली लिहून घ्यावी, रुग्णालयाच्या नोंदीत अपघाताचे कारण स्पष्ट लिहिले आहे की नाही ते पाहावे, आणि त्या खड्ड्याची तक्रार पूर्वी कोणी केली होती काय, याची चौकशी शेजारीपाजारी करून तिचा क्रमांक व तारीख अर्जासोबत जोडावी.