आजी कल्याणला, आजोबा गावाला

आमच्या जुन्नर-आंबेगावला मुंबई काही नवी नाही. डबेवाल्यांचं काम १८९० पासूनचं, आणि त्यातली बरीच माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावचीच. पण पूर्वी कर्ता पुरुष एकटा जायचा. बायको-मुलं गावी, सासू-सासऱ्यांजवळ. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि गावच्या जत्रेला तो स्वतः.

आता जोडपंच जातं. दोघंही कमावतात आणि बाळ झालं की गावाला फोन येतो, "आई, ये गं थोडे दिवस." थोडे म्हणजे किती, ते मात्र कोणी सांगत नाही. बचत गटाच्या निमित्तानं मी ओतूर, घोडेगाव भागात फिरते तेव्हा हेच दिसतं. आजी कल्याणला नातू सांभाळतेय आणि आजोबा इकडं म्हशीची धार काढून भाकरी करायला शिकताहेत, तेही सत्तराव्या वर्षी! घराभोवती ऊस, उसात बिबट्या. दिवस मावळला की दाराला कडी. चाळीस वर्षांच्या संसारानंतर ही ताटातूट कोणी मागितली होती?

नातवाचं कौतुक असतंच. एक काकू म्हणाल्या, "पोर कुशीत झोपलं की गुडघ्याचं दुखणं आठवत नाही बघ." पण पुढं हळूच म्हणाल्या, "औषधाला पैसे मागायची लाज वाटते बाई." दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे नकोत? सुनेला दोष देऊन उपयोग नाही, पाळणाघर तिलाही परवडत नाही. पण मुलानं तरी विचारावं ना!

मला खरी धास्ती वाटते ती सहीची. नातू शाळेत जायला लागला की आजी परत येते, आणि तोवर कधी कधी जमीन मुलाच्या नावावर झालेली असते. मैत्रिणींनो, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात २३ वं कलम आहे. 'मुलानं आम्हाला सांभाळावं' या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते रद्द करून मागता येतं. अट मात्र कागदावर हवी. निर्वाह खर्चासाठीही प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पोटच्या पोरावर अर्ज कोण करील?" खरंच आहे. म्हणून तर अट आधीच लिहून घ्यायची. सहीआधी आजी-आजोबांनी दोघांनी बसून तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा. आमच्या गटात शिकलेल्या सुना आहेत, त्या वाचून दाखवतात.