शंभर माग, एक माणूस: मतांच्या गणिताबद्दलचे गैरसमज

गैरसमज: सगळे बंदात उतरले, म्हणजे सगळेच चिडलेले होते.

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात १०० कामगारांनी माग बंद ठेवले. शेजारच्या कारखान्यात मात्र एकच जण थांबला. गेटवरच्या टपरीवर निकाल लागतो: इथले पेटलेले, तिथले खूश.

हा निकाल किती फसवा असू शकतो, ते समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलं. त्यांचा तर्क आपल्या कारखान्याला लावू: पहिला कामगार कुणासाठी न थांबता माग बंद करणारा. दुसरा एकाला पाहून करणार, तिसरा दोघांना पाहून, आणि शंभरावा ९९ जणांना पाहून. पहिल्याने बटण दाबलं की ओळीने सगळे बंद. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याला एक नव्हे, दोघे थांबलेले दिसायला हवेत. साखळी तिथेच तुटते आणि ९९ माग खडखडत राहतात. दोन्हीकडची नाराजी जवळपास सारखीच, फरक एका माणसाचा. मालक आणि पुढारी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज: बोलत राहिलं की एकमत होतंच.

प्रत्येकजण इतरांच्या मतांची सरासरी घेत गेला, तर होतं. पण माणसं मत बदलण्याऐवजी ग्रुपही सोडतात! होल्म आणि न्यूमन या संशोधकांनी २००६ मध्ये हेच संगणकात घातलं: दर फेरीला एकजण ओळखीच्याचं मत उचलतो, नाहीतर त्याच्याशी संबंध तोडून आपल्या मताच्या माणसाशी जोडतो. तोडण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की जाळ्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात एकच मत उरतं. त्यासाठी कुणी फूट पाडावी लागत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच पाळीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात तिन्हींकडे ऊठबस असलेला माणूस म्हणूनच मोलाचा.

गैरसमज: अशी गणितं म्हणजे संगणकाने सांगितलेलं भविष्य.

नाही. बंद कोणत्या तारखेला होईल, हे असं गणित सांगत नाही. अमुक धरलं तर तमुक घडू शकतं, इतकंच दाखवतं. पण म्हणून ते नुसता खेळही नव्हे: अफवा आणि जमावही अशाच साखळीने वाढू शकतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. हा उपाय कुणाचं मत बदलण्याचा नव्हता, संदेशाच्या वाटा कमी करण्याचा होता.