टांगणीला लागलेलं मन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. ती झाली २१ मार्च २०२१ ला. मधल्या काळात तारखा पुढे पुढे जात राहिल्या. १४ मार्च २०२१ ला ठरलेली परीक्षाही तीन दिवस आधी लांबणीवर पडली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अशा ताटकळण्याबद्दल घरात आणि अभ्यासिकेत काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज: अजून वाईट काही घडलेलंच नाही, मग ताण कसला?

वस्तुस्थिती: ‘काय होईल’ हे माहीत नसणं हाच ताण असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका बसे. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांचा ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वांत जास्त होता. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरूनही तेच दिसलं.

गैरसमज: चांगलाच विचार केला की वाट पाहणं सोपं जातं.

वस्तुस्थिती: कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी चार महिने थांबलेल्या पदवीधरांचा मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. मन शांत ठेवण्याच्या बहुतेक युक्त्या फोल ठरल्या. उलट, या काळात काळजीत राहिलेल्यांना नापास झाल्यावर सावरणं सोपं गेलं आणि पास झाल्यावर आनंदही जास्त झाला. काळजी वाटली म्हणून स्वतःला दोष देण्याचं कारण नाही.

गैरसमज: सारखी माहिती घेत राहिलं की जीव शांत होतो.

वस्तुस्थिती: टेलिग्रामच्या ग्रुपवर मिळणारा दिलासा थोडा वेळच टिकतो आणि पुन्हा फोन हातात येतो. आयोगाचं संकेतस्थळ दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावं. नवीन काही असेल तर ते तेवढ्यातही कळतं. घरच्यांनीही ‘कधी लागणार रे निकाल?’ हे रोज विचारू नये.

गैरसमज: निकाल लागेपर्यंत बाकी सगळं थांबवावं; दुसरा पर्याय शोधणं म्हणजे हार.

वस्तुस्थिती: ताटकळणाऱ्यांवरच्या अभ्यासांत एक गोष्ट उपयोगी दिसली: भान हरपून करता येईल असं काम. ते फार सोपं नको, फार अवघडही नको, आणि आपण पुढे सरकतोय हे त्यात कळायला हवं. शिकवणी, खेळ, एखादं वाद्य, काहीही चालेल. ‘अमुक इतके प्रयत्न, मग नोकरी’ ही सीमाही आधीच, शांत डोक्याने ठरवावी. आयोगाची तारीख आपल्या हातात नसते. ही सीमा असते.

गैरसमज: मदत मागणारा कच्चा असतो.

वस्तुस्थिती: दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्याने सोसू नये. जीव नकोसा झाला असेल तर दोन आठवडेही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते.