ईयोबाचे गाऱ्हाणे

बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हणण्याची मराठी घरांची रीत आहे. अशुभ शब्द जिभेवर येऊ नये, म्हणून त्याच्या जागी शुभ शब्द ठेवावयाचा. प्राचीन हिब्रू लेखकांनाही ही रीत ठाऊक होती. ईयोबाची संपत्ती गेली, सात मुलगे व तीन मुली दगावल्या, सर्वांग फोडांनी भरले; तेव्हा त्याची पत्नी त्याला सांगते, देवाला शाप दे आणि मर. मूळ हिब्रूत मात्र तेथे ‘बाराख’ हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ आशीर्वाद देणे असा होतो. देवाच्या नावापुढे शाप लिहिण्यास लेखणी धजली नाही.

नवल असे की, एवढे सोवळे पाळणाऱ्या याच ग्रंथाने ईयोबाचा आक्रोश जराही मवाळ केलेला नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशीच वाद मांडू पाहतो. अलीफज, बिल्दद व सोफर हे त्याचे मित्र प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात. त्यांच्या हातून घडलेले चांगले काम तेवढेच! तोंड उघडताच ते हिशेब मांडतात : दुःख आले, त्या अर्थी पाप घडलेच असले पाहिजे. मागल्या जन्माचा आधार त्यांना नाही. म्हणून अलीफज याच जन्मातील पापे रचून सांगतो. तू विधवांना रिकाम्या हाती लावून दिलेस, हा त्यांतील एक आरोप.

संपूर्ण बायबल हिब्रू व ग्रीक मुळांवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना हा हिशेब पुरता परिचित होता. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाते, हे त्यांनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवले होते. दुष्काळात आईवडील व बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा, इतकी माणसे त्यांनी गमावली. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ईयोबाच्या अखेरच्या उद्गारातील ‘नाहम’ हा धातू कोणाही भाषांतरकाराला अडवितो. त्याचा अर्थ पश्चात्ताप होणे असा होतो, तसाच सांत्वन होणे असाही होतो. तेव्हा तो शरण गेला की निवला? पण लगेच देवाचा निवाडा येतो, आणि त्यात संदिग्धता नाही. देवाविषयी यथार्थ बोलला तो ईयोब. देवाची बाजू घेणारे मित्र नव्हेत.

पुढे त्याची गुरेढोरे दुप्पट होतात. मुले मात्र पुन्हा दहाच. आधीची दहा परत येत नाहीत. नव्या मुलग्यांची नावे ग्रंथ देत नाही. तिन्ही मुलींची देतो, आणि भावांबरोबर त्यांनाही वारसा मिळाल्याची नोंद करतो.