पर्वतावरची ठेव

नर्मदेच्या खोऱ्यातील आपल्या माणसांना नदीचा पूर म्हटला की पावसाळाच आठवतो. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची रीत निराळी आहे. तिचे बहुतेक पाणी रॉकी पर्वतावर हिवाळ्यात साचलेल्या बर्फातून येते. हा बर्फ मुख्यतः एप्रिल ते जुलै या काळात वितळतो. म्हणजे धरण न बांधताच पर्वत पाणी राखून ठेवतो आणि उन्हाळ्यात, शेताला हवे तेव्हा, खाली सोडतो.

या ठेवीच्या भरवशावर १९२२ साली सात राज्यांनी करार केला. नदीच्या वरच्या व खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी ठरले. १९४४ साली मेक्सिकोलाही १५ लाख कबूल झाले. पण हिशेबाला धरलेली वर्षे नेमकी भरपूर पाण्याची होती. २००० नंतर नदीत सरासरी सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपासच पाणी येते.

त्यात उष्णता वाढली. बर्फ लवकर वितळतो आणि कोरडी माती व झाडे वाटेतच पाणी शोषून घेतात. बर्फ तेवढाच पडला तरी नदीत कमी उतरते. ऑगस्ट २०२१ मध्ये लेक मीड जलाशयावर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. मोठी झळ अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांना बसली.

आपल्या नर्मदेचे पाणीही १९७९ च्या निवाड्याने एक आकडा धरूनच चार राज्यांत वाटले आहे. वाटा किती, यावर आपण भांडतो. मूळ आकडा कोणत्या वर्षांवरून काढला, हे आधी विचारायला हवे.