मान व बाहूतील वेदना : चिकित्सेपूर्वी हेतूचा शोध

मान दुखते आणि हाताला मुंग्या येतात, एवढे सांगून रुग्ण थांबत नाही. 'मला स्पॉण्डिलोसिस आहे' असे निदानही तो स्वतःच करून येतो. सोबत क्ष-किरण चित्र असते. परंतु पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींच्या चित्रातही सर्रास दिसते. म्हणून झीज दिसली एवढ्यावरून वेदनेचे कारण सापडले असे मानता येत नाही. ते रुग्णाच्या प्रश्न-स्पर्शन परीक्षेतूनच शोधावे लागते.

शास्त्रातील भेद

आपल्या संहितांनी या प्रदेशातील विकारांना एकच नाव दिलेले नाही. मन्यास्तंभात वायू कफाने आवृत होऊन मान ताठरते; दिवास्वाप, विषम आसन आणि सतत वर पाहणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. अवबाहुकात वायू अंसप्रदेशी राहून तेथील बंधने शुष्क करतो व सिरांचा संकोच करतो. विश्वाचीत बाहूच्या पृष्ठभागाकडून बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा दूषित होऊन हाताचे कर्म क्षीण होते. वातप्रकोप धातुक्षयाने झाला की मार्गावरणाने, हा चरकाचार्यांनी सांगितलेला विवेक तर चिकित्सेचा पायाच होय. आवरण असता प्रथमच स्निग्ध उपचार केल्यास जडत्व वाढते. क्षय असता रूक्ष स्वेद दिल्यास वेदना वाढते.

नाडी कोठे दबली आहे?

मानेत मणके ७, पण नाडीमूलांच्या जोड्या ८ आहेत. पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादी सरकल्यास सहावे मूल दबते. बधिरता अंगठ्याकडे जाते आणि कोपर वाकविण्याचे बल घटते. सहाव्या व सातव्या मणक्यांमधील गादीने सातवे मूल दबते. हे सर्वांत अधिक आढळते. मधले बोट बधिर होते व कोपर सरळ करण्याची शक्ती उणावते. आठव्या मुलाच्या पीडनात करंगळीकडे मुंग्या येतात व मूठ सैल पडते. मान मागे व दुखऱ्या बाजूस झुकवून मस्तकावर हलका दाब दिला असता वेदना हातात उतरली, तर दोष मानेत असण्याचा संभव बळावतो. मात्र आघात किंवा मज्जारज्जूवरील दाबाची शंका असता ही परीक्षा करू नये.

प्रत्येक मुंगी मानेतूनच येते असे नव्हे. रात्री हात झटकावासा वाटणे आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा व अर्धी अनामिका बधिर होणे हे मनगटातील नाडीपीडनाचे लक्षण होय. गर्भिणी, मधुमेही आणि थायरॉइडची न्यूनता असलेल्या रुग्णांत ते विशेष आढळते. कोपर वाकवून ठेवल्यावर करंगळी बधिर होत असेल तर कोपराकडे पाहावे. हात सर्व दिशांना उचलताना अडत असेल आणि बोटांची संवेदना शाबूत असेल, तर विकार खांद्याचा समजावा. तीव्र दाहयुक्त वेदनेनंतर काही दिवसांनी एका पट्ट्यात फोड उठले, तर ती नागीण होय.

धोक्याच्या खुणा

पुढील लक्षणे असता अभ्यंग, मन्याबस्ती वा मर्दन आरंभण्यापूर्वी रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे :

• सदऱ्याची गुंडी लावता न येणे, चालताना तोल जाणे, मूत्रप्रवृत्तीवरील ताबा सुटणे. हा मज्जारज्जूवरील दाब असू शकतो. मानेला हिसडा देणे येथे घातक ठरते.
• श्रमाने वाढणारी डाव्या हातातील वेदना, सोबत घाम, धाप वा छातीत दडपण. येथे क्षणाचाही विलंब नको; तत्काळ रुग्णालय गाठावे.
• धूम्रपान करणाऱ्यास खांद्यात अखंड वेदना, हाताचे स्नायू वाळणे, एक पापणी उतरणे. फुप्फुसाच्या शिखरातील अर्बुद अशा रीतीने प्रकट होऊ शकते.
• ज्वर, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, आघाताचा इतिहास, झपाट्याने वाढणारे दौर्बल्य.

चिकित्सा व औषधविक्री

नाडीमूलपीडनाचे बहुसंख्य रुग्ण शस्त्रकर्माविना काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात. म्हणूनच धोक्याच्या खुणा नसता आपल्या चिकित्सेस पुरेसा अवकाश आहे. बाहुशीर्षगत वातात चरकाचार्यांनी नस्य व भोजनोत्तर स्नेहपान सांगितले आहे. त्यास अवस्थेनुसार स्वेदाची जोड द्यावी. मधुमेही रुग्णाची त्वचा बधिर असल्यास उष्णता स्वतःच्या हातावर तपासूनच स्वेद द्यावा, अन्यथा भाजल्याचे त्यास कळतही नाही. दर आठवड्यास बल व संवेदना नोंदवावी. ती घटत असल्यास केवळ औषध बदलून वाट पाहू नये.

औषधालयाच्या चालकांचे उत्तरदायित्वही येथे मोठे आहे. 'मानेवरचे काहीतरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हातातील शक्ती कमी झाली आहे काय? छातीत त्रास होतो काय? उत्तर होकारार्थी असल्यास तेलाची बाटली देण्याऐवजी वैद्याचा रस्ता दाखवावा. वातविध्वंसन रसासारख्या कल्पांत वत्सनाभ व पारद असतात; औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टातील अशा द्रव्यांनी युक्त पोटात घेण्याची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. ती मागणीसरशी विकणे योग्य नव्हे.

वेदनाशमनाने रुग्ण संतुष्ट होतो, पण शमलेल्या वेदनेमागे दुबळा होत जाणारा हात दडलेला असू शकतो. म्हणून स्नेहपात्र तापविण्यापूर्वी रुग्णाची मूठ आपल्या हातात घेऊन तिचे बल पाहण्याचा परिपाठ प्रत्येक चिकित्सालयात असावा.